आधी वाक्य करू द्या, मग बदला

महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी हा विषय जून 2000 मध्ये सुरू झाला. निर्णय तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांचा. त्यावरून त्या वर्षी महाराष्ट्रात बराच धुरळा उडाला. एका बाजूचे म्हणणे होते की आता मराठीचे काही खरे नाही. दुसरी बाजू म्हणत होती की खेड्यापाड्यांतल्या पोरांना अखेर इंग्रजीचे दार उघडले. त्याला आता पंचवीस वर्षे उलटली. त्या जूनमध्ये पहिलीच्या बाकावर बसलेले सहा वर्षांचे मूल मार्च 2010 मध्ये दहावीला बसले. आज त्याने तिशी ओलांडली आहे आणि त्याचेच मूल यंदा पहिलीत गेले असेल. त्या पिढीतले काही जण डी.एड. करून शिक्षकही झाले आणि आता स्वतः इंग्रजी शिकवत आहेत. एका पिढीचे वर्तुळ पूर्ण झाले. म्हणून यंदाच्या शिक्षक दिनाला नेहमीची गुरुवंदना बाजूला ठेवून, वर्गातल्या एकाच गोष्टीविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. ती गोष्ट म्हणजे इंग्रजी व्याकरण आणि वाक्यरचना.

भाषाशिक्षणाबद्दल आपण भांडतो ते कोणती भाषा आणि कितवीपासून यावर. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली गेली, पुढे ती पाचवीवर आली, मग पहिलीवर. 2025 मध्येही तेच झाले. पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला आणि 29 जून 2025 रोजी सरकारला त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. ते भांडण गरजेचे होते. पण ‘कोणती’ आणि ‘कधी’ यावर एवढे रान उठवणारा समाज ‘कशी शिकवता?’ हा प्रश्न फारसा विचारत नाही. तो प्रश्न शिक्षकाच्या टाचण वहीत जातो आणि तिथेच राहतो.

दहावीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका उघडून पाहा. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन होम’ असे एक वाक्य दिलेले असते आणि ते ‘नो सूनर… दॅन’ वापरून पुन्हा लिहायचे असते. तयारी केलेल्या मुलाला युक्ती पाठ असते: सुरुवातीला ‘नो सूनर’, पाठोपाठ ‘डिड’, क्रियापद मूळ रूपात, मधल्या स्वल्पविरामाच्या जागी ‘दॅन’. उत्तर बरोबर, एक गुण खिशात. त्याच मुलाला तुम्ही इंग्रजीत विचारा, की घंटा झाल्यावर तू काय करतोस? मूल खाली बघते. ‘टू’ काढून टाका, ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ घाला, व्हॉइस बदला, इनडायरेक्ट करा, डिग्री बदला. दहा वर्षांच्या इंग्रजीच्या शेवटी आपण मुलाकडून जी व्याकरणाची कसोटी पार पाडून घेतो, ती जवळजवळ सगळी बदलण्याची आहे. वाक्य आयते मिळते, मुलाने ते फिरवायचे असते. ज्याला साधे वाक्य स्वतःहून करता येत नाही, त्याला आपण दुसऱ्याचे वाक्य उलटे-सुलटे करायला लावतो, आणि त्याला व्याकरण येते असे समजतो. आजच्या इंग्रजी अध्यापनातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे, असे आमचे मत आहे.

व्हॉइसचेच घ्या. ‘राम ईट्स अ मँगो’ याचे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ असे रूपांतर करण्यात राज्यातल्या लाखो मुलांच्या दुपारी गेल्या आहेत. ‘आंबा रामाकडून खाल्ला जातो’ असे घरात कुणी म्हटले तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेल. मग असे वाक्य जगात लागते तरी कुठे? त्याचे उत्तर मराठीत प्रत्येकाच्या घरी पडलेले आहे. सरकारी कागद उघडा: ‘शासन निर्णय निर्गमित करण्यात येत आहे’, ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’, ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते’. कोण करतो, कोण नामंजूर करतो, कोण सूचित करतो, पत्ता नाही. करणारा माहीत नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा त्याला लपायचे असते, तेव्हा ही रचना कामाला येते. इंग्रजीतही तसेच आहे. ‘द रोड वॉज रिपेअर्ड लास्ट इयर’ हे वाक्य ‘बाय’ लावून पूर्ण करायची गरज नसते. उलट ‘बाय’ लावले तर ठेकेदाराची पंचाईत होईल. ही गंमत आठवीच्या मुलाला दहा मिनिटांत कळते. पण आपण त्याला कर्ता-कर्माची अदलाबदल, ‘टू बी’चे रूप आणि तिसरे रूप एवढेच देतो. वाक्य का बदलायचे हे सांगत नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे, आणि त्याला जबाबदार आहे शाळेचे वेळापत्रक. तिसऱ्या तासाला मराठीचे गुरुजी फळ्यावर ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य लिहून ‘कर्मणी प्रयोग’ असे सांगतात, आणि ते बरोबरच आहे, कारण क्रियापद आंब्याच्या मागे चालले आहे. आंब्याच्या जागी पोळी आली की ‘खाल्ली’ होते. पाचव्या तासाला इंग्रजीचे सर पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग असे सांगून मोकळे होतात. हुशार मूल दोन्हींची सांगड घालते आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ याचे इंग्रजी ‘मँगो वॉज ईटन बाय राम’ असे करते. चूक मुलाची नाही. दोन शिक्षक एकाच खोलीत चहा पितात, पण आपापल्या व्याकरणाबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत. इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर लिहिलेले दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 सालचे. म्हणजे मराठी आणि इंग्रजी व्याकरणाची महाराष्ट्रातली शेजारगाठ पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे, तरी शिक्षकांच्या खोलीत ती अजून झालेली नाही.

वाक्यांचे साचे शिकवण्याची कल्पना आली कुठून, हेही जरा पाहण्यासारखे आहे. नियमांची व्याकरणे भरपूर होती. आपल्याकडे नेसफील्डची पुस्तके चालली, पुढे रेन आणि मार्टिन घरोघरी पोहोचले. त्यातला रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही साहसी कादंबरी लिहिणारा आणि हिंदुस्थानात शिक्षण खात्यात नोकरी केलेला पी. सी. रेनच. या पुस्तकांत शब्दांच्या जाती, वाक्याचे पृथक्करण, नियम आणि अपवाद होते. वाचणाऱ्याला इंग्रजी आधीच येते असे त्यांत बहुतेक गृहीत होते. न येणाऱ्याच्या बाजूने विचार सुरू झाला तो जपानमध्ये. हॅरल्ड पामर यांनी 1923 मध्ये टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था काढली. 1924 साली ए. एस. हॉर्नबी नावाचा तरुण इंग्रज जपानमध्ये शिकवायला गेला आणि पुढे पामर यांना येऊन मिळाला. जपानी मुलांना शब्दांचे अर्थ येत, नियमही येत, तरी वाक्य बिघडे. हॉर्नबींचे लक्ष गेले क्रियापदाकडे. प्रत्येक क्रियापद आपल्यामागे ठरावीक रांग लावूनच येते, आणि ती रांग अर्थावरून ओळखता येत नाही, हे त्यांनी हेरले. गेटनबी आणि वेकफील्ड यांच्यासह त्यांनी तयार केलेला शब्दकोश 1942 मध्ये, ऐन युद्धात, टोकियोतच छापला गेला. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये पुन्हा काढला. आज शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेला जाडजूड ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश त्याचाच वंशज. त्यात हॉर्नबींनी क्रियापदांचे पंचवीस साचे बसवले होते. कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते, याची खूण प्रत्येकापुढे होती.

हे कोरडे वाटत असेल तर आपल्याच वर्गात या. ‘गिव्ह मी’ चालते, ‘टेल मी’ चालते, ‘शो मी’ चालते. म्हणून मूल उठते आणि म्हणते, ‘सर, एक्सप्लेन मी धिस सम.’ मराठीत ‘मला द्या’, ‘मला सांगा’, ‘मला दाखवा’, ‘मला समजावून द्या’ या चारही ठिकाणी ‘मला’ एकाच जागी बसते. इंग्रजीत चौथे क्रियापद अडते. तिथे ‘एक्सप्लेन धिस सम टू मी’ म्हणावे लागते. का? शिकणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे कारण नाही, त्या क्रियापदाचा तो स्वभाव आहे. ‘सजेस्ट मी अ बुक’ याचीही तीच गत. ‘त्याने जावे असे मला वाटते’ याचे ‘आय वॉन्ट दॅट ही शुड गो’ होते ते ‘होप’च्या चालीवर. ‘होप’मागे ‘दॅट’ चालते, ‘वॉन्ट’मागे ‘हिम टू गो’च लागते. आता याला नियम कोणता देणार? नियम दिला तरी परीक्षेपुरताच राहील. त्यापेक्षा ‘आय वॉन्ट यू टू…’ एवढा साचा फळ्यावर लिहून वर्गातल्या प्रत्येकाने शेजाऱ्याला एक काम सांगावे, शेजाऱ्याने ते करावे, असे दोन दिवस चालले तर तो कानात बसतो.

आपणही आपली भाषा अशीच शिकलो. ‘मी पोहतो’ पण ‘मला पोहता येते’, ‘मी खातो’ पण ‘मला भूक लागते’, ‘मी पाहतो’ पण ‘मला आवडते’. परप्रांतातून आलेला शेजारी ‘मी भूक लागली’ म्हणतो तेव्हा आपण हसतो, पण नियम विचारला तर आपल्यालाही सांगता येत नाही. साचा आधी येतो, त्याचे नाव नंतर कळते, आणि कित्येकांना आयुष्यभर कळत नाही. त्यांचे काही अडत नाही.

साच्यांचा हा विचार भारतातही आला. 1950च्या दशकात मद्रासच्या बाजूने ‘स्ट्रक्चरल’ पद्धतीचा जोर झाला, 1958 मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांतही पायरीपायरीने चढणाऱ्या रचना आल्या. पाचवीत इंग्रजी सुरू केलेल्या पिढीला ते आठवत असेल. गुरुजी दाराकडे चालत जाताना म्हणायचे, ‘आय अ‍ॅम गोइंग टू द डोअर.’ वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘ही इज गोइंग टू द डोअर.’ नाकाला हात लावून ‘धिस इज माय नोज’. यात वाईट काही नव्हते. तोंड उघडत होते, कान तयार होत होता. पण हळूहळू त्यातला अर्थ गळाला आणि घोकंपट्टी उरली. नाक सगळ्यांना दिसते आहे, ते कुणाचे आहे हेही दिसते आहे; मग सांगायचे कुणाला आणि कशासाठी? जे सांगायची गरजच नाही असे वाक्य शंभरदा म्हणून घेतले की मुलाला आवाज येतो, भाषा येत नाही. तरीही हा दोष साच्याचा नव्हता. साचा रिकामा ठेवण्याचा होता.

भरलेला साचा कसा दिसतो? समजा बीड किंवा जालना जिल्ह्यातली सातवी-आठवी. जुलै कोरडा चालला आहे. शिक्षक फळ्यावर अर्धेच वाक्य लिहितात: ‘इफ इट डझंट रेन…’ आणि खडू खाली ठेवतात. पुढचे मुलांनी सांगायचे, मोडके-तोडके चालेल, अडले तर मराठी शब्दही चालेल. एक मुलगी म्हणेल, ‘द वेल विल ड्राय.’ दुसरा म्हणेल, ‘टँकर विल कम.’ एखादा म्हणेल, ‘माय फादर विल सो अगेन’, आणि दुबार पेरणी हा शब्द इंग्रजीत कसा सांगायचा यावर वर्गात गलका होईल. हे वाक्य त्या मुलाचे आहे. ते त्याच्या घरात घडणार आहे. ‘विल’ का येते, ‘डझंट’मध्ये ‘स’ कुठून आला, हे सांगायची वेळ आता आहे, कारण आता मुलाला ते ऐकायचे आहे. दिवाळीनंतर, सगळे झाल्यावर, त्याच वर्गात ‘इफ इट हॅड रेन्ड…’ लिहिता येईल. ‘पाऊस पडला असता तर’ यातल्या ‘असता’चे वजन ज्या घरात रोज जाणवते, तिथल्या मुलाला इंग्रजीचे तिसरे कंडिशनल अवघड जाणार नाही. वाक्य बदलण्याचा प्रश्न मग आपोआप येतो आणि अर्थासकट येतो.

पद्धतींचे पेंडुलम मात्र आपल्याकडे जोरात हलते. एक प्रशिक्षण सांगते व्याकरण शिकवा, पुढचे सांगते अजिबात शिकवू नका. या दुसऱ्या टोकाचा सर्वात गंभीर प्रयोग आपल्याच देशात झाला. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये व्याकरणाचा एकही धडा न देता इंग्रजी शिकवून पाहिले. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभर ओळखला जातो. रेल्वेचे वेळापत्रक द्यायचे आणि कोणती गाडी धरली तर वेळेत पोहोचू हे मुलांनी शोधायचे. नकाशा द्यायचा आणि वाट काढायची. डोके प्रश्नात गुंतले की भाषा मागच्या दाराने येते, हा विश्वास. मूल्यमापनात निकाल एकतर्फी लागला नाही, पण साध्या सरकारी शाळांतली मुले इंग्रजीत विचार करू शकतात एवढे त्याने नक्की दाखवले. प्रभूंनी 1987 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि 1990च्या एका लेखात सर्वोत्तम अशी कोणतीही एक पद्धत नसते, शिक्षकाला ती मनापासून पटलेली असणे महत्त्वाचे, अशी मांडणी केली. एवढा मोठा प्रयोग केलेला माणूस स्वतःच्या पद्धतीचा झेंडा मिरवत नाही, हे आपल्या परिपत्रकी पद्धतीने लक्षात घेण्यासारखे आहे. वरून ‘या वर्षापासून ही पद्धत’ असा आदेश सुटला की खालचा शिक्षक वहीत नवे टाचण लिहितो आणि वर्गात जुनेच शिकवतो.

आता चुकांबद्दल. लाल पेनाची आपल्याला फार घाई. एस. पी. कॉर्डर यांनी 1967 मध्ये असा विचार मांडला की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे पाहण्याची खिडकी. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या अर्धवट भाषेला स्वतंत्र नाव आणि मान दिला. ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणणारे मूल ढ नाही. भूतकाळ दाखवायचा असतो एवढे त्याला कळले आहे. फक्त त्याने तो दोन ठिकाणी दाखवला. ‘गोड’ म्हणणारे मूल (‘गो’ला ‘ड’ लावणारे) तर नियम लावायला शिकले आहे. आणि तो कुप्रसिद्ध ‘स’! ‘ही गो’ की ‘ही गोज’? यावर पाचवीपासून दहावीपर्यंत गुण कापले जातात. 1970च्या दशकात ड्युले आणि बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा ‘इंग’ लवकर येतो आणि हा ‘स’ बराच उशिरा, असाच क्रम दोन्हीकडे दिसला. इंग्रजांची स्वतःची मुलेही तो उशिराच उचलतात. मराठी मूल ‘तो जातो, ती जाते, तू जातोस, ते जातात’ ही सगळी सर्कस तिसऱ्या वर्षी बिनचूक करते, तेव्हा क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते ही कल्पना त्याला शिकवण्याची गरज नाही. त्याला वेळ हवा आहे. हा ‘स’ पाचवीत मागू नये.

काही चुका मात्र खास आपल्या आहेत, आणि तिथे मराठी हाताशी घेतली तर काम सोपे होते. ‘व्हाय यू आर लेट?’ हे ‘तू उशिरा का आलास?’चे भाषांतर, मराठीत प्रश्न विचारताना कर्ता-क्रियापदाला जागा सोडावी लागत नाही. उलट मराठीत शब्द कुठेही ठेवा, विभक्ती त्यांना सांभाळते: ‘कुत्र्याने सरांना चावले’, ‘सरांना कुत्र्याने चावले’, दोन्हीकडे इंजेक्शन सरांनाच. इंग्रजीत जागा हीच विभक्ती आहे. ‘द डॉग बिट द टीचर’मधली दोन नामे उलटवा आणि मग कुत्र्याला दवाखान्यात न्यावे लागेल. शब्दांच्या जागेचे एवढे महत्त्व का, हे यापेक्षा लवकर कोणत्या व्याख्येने कळेल?

‘अ’ आणि ‘द’ हे तर मराठी माणसाचे आयुष्यभराचे दुखणे. आपल्याकडे उपपदे नाहीत, असे म्हणून शिक्षक पुढे जातात. उपपदे नाहीत, पण त्यांच्यामागचा विचार आहे. ‘मुलगी पाहायला गेले’ आणि ‘मुलीला पाहायला गेले’ यातला फरक कोणत्याही आजीला विचारा. पहिल्यात लग्न जमवायचे आहे, मुलगी कोण ते अजून ठरायचे आहे. दुसऱ्यात एक ठरावीक मुलगी आहे, आजारी असेल, दवाखान्यात असेल. कोणतीतरी आणि ती अमुक, हा भेद मराठी ‘ला’ लावून किंवा न लावून दाखवते. इंग्रजी दर वेळी दाखवते, एवढाच जास्तीचा खर्च. हा पूल बांधला की मग सूर्य, गंगा आणि एकमेव वस्तूंची यादी पाठ करण्याची वेळ येत नाही. आली तरी ती हलकी होते. मराठीला वर्गाबाहेर उभे करून इंग्रजी शिकवणे हा शहाणपणा नाही. भाषांतराच्या वह्या भरून घेणे म्हणजे मराठीचा आधार घेणे, असेही नाही. तर्खडकरी भाषांतर पाठमालेने एके काळी अनेकांचे भले केले, पण ती बोलायला शिकवत नव्हती.

मराठी हाताशी घ्या म्हणताना एक सावधगिरी. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या कित्येक वर्गांत मराठी हीच मुलाची दुसरी भाषा आहे. घरी भिली, कोरकू, गोंडी. तिथे ‘मराठीत सांगतो’ म्हणणे म्हणजे एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा सांगणे. तिथल्या शिक्षकाला मुलांची बोली येत असेल तर त्याच्यासारखा इंग्रजीचा शिक्षक नाही. बदल्यांच्या याद्या करताना हे कधी पाहिले जाते का?

सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमाने हा प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांसाठी एकच वाक्य: गणितातला ‘डिनॉमिनेटर’ इंग्रजीत म्हणता आला म्हणून मुलाला इंग्रजीत भांडता येते असे नाही.

मग सुरुवात कुठून? प्रामाणिकपणे सांगायचे तर परीक्षेपासून. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहितीची रोज नवी मागणी, आणि स्वतः शिक्षकही नियमांवरच वाढलेला. त्याच्याकडून आपण अस्खलित बोलण्याची अपेक्षा करतो, पण त्याचे मोजमाप करतो ते दहावीच्या निकालावर. आणि दहावीचा निकाल मागतो ‘नो सूनर’. तो ‘नो सूनर’च शिकवणार. बोलण्याला गुण आहेत, नाहीत असे नाही: भाषेच्या पेपरात ऐंशी लेखी आणि वीस अंतर्गत. हे वीस गुण 2019च्या परीक्षेपुरते काढून टाकले गेले. त्या वर्षी दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि गुण परत आले. निकाल घसरण्याची कारणे एकाहून जास्त असतील. पण तोंडी परीक्षेचे गुण खिरापतीसारखे वाटले जात होते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने मनातल्या मनात कबूल केले. जे बोलणे सगळ्यांना सारखेच वीसपैकी अठरा मिळवून देते, ते शिकवायला कुणी वेळ का घालवावा?

म्हणून राज्य मंडळाला आमची विनंती अशी. ‘बदला’ या शब्दाने सुरू होणारे व्याकरणाचे प्रश्न निम्म्यावर आणा आणि त्या जागी ‘करा’ असे प्रश्न घाला: अर्धे वाक्य द्या, परिस्थिती द्या, चित्र द्या, आणि मुलाचे स्वतःचे वाक्य मागा. पाचवीच्या वहीत ‘ही गो’खाली रेघ ओढा, पण गुण कापू नका. तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी, किमान काही टक्के मुलांची तरी. आणि शिक्षकांना, ज्यांच्यासाठी हा दिवस आहे, एवढेच सांगणे: इंग्रजीच्या प्रत्येक तासातली दहा मिनिटे फळ्यावर अर्धे वाक्य लिहा आणि खडू खाली ठेवा. ते पूर्ण करण्याचा अधिकार मुलांना द्या. त्यासाठी कोणताही शासन निर्णय लागत नाही.